सहा नंबरवर खूण नाही

सापगाव,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

राही,

नमस्कार. तू बरी असशील असं धरून लिहिते. तुझा फोन लागत नाही, नंबर बदलला असावा. आसनगावला तुझ्या आईकडे गेले होते, त्यांनी सिन्नरचा हा पत्ता दिला. त्यांची तब्येत ठीक वाटली, फक्त गुडघा दुखतो म्हणाल्या. मला घाई होती म्हणून चहाला थांबले नाही.

आमच्याकडे आईची साखर आटोक्यात आहे. माझ्या भावाची, ओमकारची, बारावीची परीक्षा परवापासून सुरू होते. तो अभ्यास करतो असं म्हणतो.

तू गेल्यावर प्रेस शॉपची शिफ्ट इन्चार्ज म्हणून माझं नाव लागलं, हे तुला कळलं असेलच. त्याला चौदा महिने झाले. त्यानंतर आपलं बोलणं झालेलं नाही, म्हणून इथली थोडी हकिकत लिहिते.

पहिल्या सोमवारी शिफ्टच्या आधी एकोणीस जण माझ्यासमोर उभे होते. तू रोज सकाळी कशी बोलायचीस ते सगळ्यांच्या कानात अजून ताजं होतं. मी सात मुद्दे कागदावर लिहून नेले होते. त्यातला एकही वाचता आला नाही. "सुरू करा," एवढंच म्हणाले, तेही मागच्या रांगेपर्यंत पोचलं नाही. वाल्मिककाका मागून म्हणाले, "मॅडम सायलेंटवर हायेत रे. व्हायब्रेशन समजून घ्या." सगळे हसले. बावीस वर्षं पत्रा कापायची प्रेस चालवलेला माणूस, त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. शिवाय विनोद चांगला होता.

दुसऱ्या आठवड्यापासून मी सकाळचं बोलणं बंद केलं. त्याऐवजी आठच्या आधी अकराही मशीनपाशी जाऊन दोन-दोन मिनिटं उभी राहायला लागले. क्लच, ब्रेक, गार्ड, दोन्ही बटणं तपासायची. ऑपरेटर काही सांगत असेल तर ऐकायचं. सगळं ठीक असेल तर मशीनच्या डाव्या खांबावर खडूने एक खूण करायची, खाली वेळ टाकायची आणि वहीत तीच नोंद करायची. शिफ्ट संपली की खूण पुसायची.

महिन्याभरात त्याची रीत पडली. खूण झाल्याशिवाय कुणी मशीनला हात लावेना. लोक मला बाजूला बोलावून सांगायला लागले: क्लच उशिरा सुटतो, डायचा साचा गरम होतो, घरी भांडण झालंय म्हणून आज जड काम नको. तुझ्या वेळी हे सगळं तुला ओरडून सांगायचे. मला हळू सांगायचे. तेरा महिन्यांत कुणाच्या नखालाही लागलं नाही, आणि वाया जाणारा माल निम्म्यावर आला. आकडे माझ्याकडे आहेत.

ऑगस्टमध्ये कंपनीने मला ठाण्याला एका दिवसाच्या शिबिराला पाठवलं. कमी बोलणाऱ्या माणसांनी इतरांचं नेतृत्व कसं करावं, असा विषय होता. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की मोठ्याने बोलणं आणि पुढे असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी ऐका, एकेकट्याशी बोला, लिहून ठेवा, कुणी अडवलं तर तीन सेकंद थांबा आणि मग उत्तर द्या. माझ्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, असं मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. परत येताना मी बरी होते.

२८ जानेवारीला सहा नंबरवर एक अपघात झाला. भिमी म्हणून ऑपरेटर आहे, तू असताना ती पॅकिंगला होती. तिच्या उजव्या हाताला लागलं. त्या वेळी मी शॉपच्या दुसऱ्या टोकाला, अकरा नंबरजवळ होते. चौकशी चालू आहे.

त्या संदर्भात एक विनंती. डिसेंबर २०२३ मध्ये तू बटणांबद्दल व्यवस्थापनाला लेखी अर्ज दिला होतास. त्याची प्रत फाईलमध्ये सापडत नाही. तुझ्याकडे असेल तर पोस्टाने पाठवशील का? फाईल पूर्ण करायची आहे, इतकंच.

सिन्नरला थंडी असेल. तब्येत सांभाळ.

हर्षाली

———

सापगाव,
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

राही,

तुझं पत्र मिळालं. चार वाक्यांचं पत्र पुन्हा पुन्हा वाचायला लागत नाही, तरी वाचलं. "अर्जाची प्रत आहे. देणार नाही. कागद पुढे करून तू त्याच्यामागे उभी राहशील. काय झालं ते लिही."

लिहिते. आधी मागच्या पत्रातल्या चुका दुरुस्त करते.

तुझा नंबर बदललेला नाही. तू मला ब्लॉक केलं आहेस, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुझ्या आईकडे मला घाई नव्हती. त्यांनी दारातच पत्ता सांगितला आणि आत या म्हणाल्या नाहीत. आणि भिमीच्या हाताला "लागलं" असं मी लिहिलं. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याजवळचं आणि मधलं, दुसऱ्या पेरापासून.

आता २८ तारीख. मी सहा नंबरपाशी सात बावन्नला पोचले. उजवं बटण दाबलेलंच होतं. त्यावर वॉशर बसवून चिकटपट्टी मारली होती. आदल्या संध्याकाळी मेंटेनन्सच्या माणसाने ते केलं होतं, प्रॉडक्शन मॅनेजरच्या सांगण्यावरून. तुझ्या वेळचेच पंकज सर. असं केलं की एकच बटण दाबून प्रेस चालते आणि दुसरा हात पत्रा सरकवायला मोकळा राहतो. तासाला दोन-तीनशे पीस जास्त निघतात. ज्याचे दोन्ही हात बटणांवर असतात त्याचे दोन्ही हात घरी जातात, हे तू मला पहिल्या दिवशी सांगितलं होतंस. इतर काही शिकवण्याआधी सांगितलं होतंस.

मी पट्टीला नख लावलं तेवढ्यात सर आले. म्हणाले, "मॅडम, याला आज हात लावू नका. दोन वाजता गाडी सुटते, आठ हजार पीस शॉर्ट आहेत. संध्याकाळी काढू."

मी तीन सेकंद थांबले. शिबिरात शिकवलं होतं तसं. तेवढ्यात सर डिस्पॅचकडे वळले होते. त्यांच्या पाठीला काही सांगणं मला जमलं नाही.

मी खूण केली नाही. वहीत लिहिलं: "६ – खूण नाही. ७.५२." आणि सात नंबरकडे गेले. माझ्या मते मी नकार दिला होता. स्पष्ट दिला होता, वेळ टाकून दिला होता. खूण नाही म्हणजे मशीन चालवायचं नाही, हे शॉपमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

पण त्यांना आणखी एक गोष्ट माहीत होती. सर जवळ आले की मी गोंधळते. वाल्मिककाकांनी पाच नंबरवरून पाहिलं की मॅडम सहाला थांबल्या, सर काहीतरी बोलले आणि मॅडम खूण न करताच पुढे गेल्या. त्यांना वाटलं मी विसरले. सर परत येऊन बघतील आणि सगळ्यांसमोर मला बोलतील, म्हणून त्यांनी खिशातून खडू काढला आणि माझ्यासारखीच खूण केली. खाली वेळही टाकली. माझा सात जसा वर आडव्या रेघेचा असतो तसाच सात काढला. भिमी आली. तिने खुणेला बोट लावलं, कपाळाला लावलं. एकदा मी तिला म्हटलं होतं की हा देव नाही, खडू आहे. ती म्हणाली होती, "आसू द्या, मॅडम. तुमी बघितलंय ना? मंग झालं."

दहा वीसला सहा नंबर थांबला. किंकाळी वगैरे मला ऐकू आली नाही. ठोका थांबला, त्यावरून कळलं. मी पोचले तेव्हा भिमी उभी होती आणि डाव्या हाताने उजवा हात धरून त्याच्याकडे बघत होती, जणू कुणीतरी धरायला दिलेली वस्तू. वाल्मिककाकांनी स्वतःचा शर्ट काढून गुंडाळला. पाच मिनिटांनी मी बटणाकडे पाहिलं तर वॉशर तिथे नव्हता. पट्टीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या टेबलापाशी आले. टोपी हातात होती.

"खूण मी केली, मॅडम."

मी म्हटलं, कळलं मला.

"मला वाटलं तुमी विसरल्या. तो उभा व्हता ना तिथं. तुमाला चार माणसांत बोलला आसता, आमाला नाय आवडत ते." मग म्हणाले, "तुमी केली नव्हती, ती काय म्हनून?"

मी सांगितलं. त्यांनी टोपी टेबलावर ठेवली, परत उचलली. "आन मला नुसतं बोट केलं आसतं तरी चाललं आसतं गो," म्हणाले. त्यांनी मला मॅडम सोडून दुसरं काही म्हणण्याची ती पहिली वेळ.

त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आहे.

आता तुला मी अर्ज का मागितला ते. चौकशी २७ तारखेला आहे. कारखान्यांच्या सुरक्षेचे सरकारी अधिकारी येणार आहेत. मी पहिलं पत्र लिहिण्याच्या आधी, ३ तारखेच्या सोमवारी, पंकज सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, दार लावून घेतलं. माझी वही त्यांच्यासमोर होती. म्हणाले, "मॅडम, तुमच्या या सवयीने आज सगळे वाचणार आहेत. 'सहा, खूण नाही.' म्हणजे तुम्ही मशीन पास केलं नव्हतं. कंपनीची सिस्टिम बरोबर होती. एका माणसाने खोटी खूण केली, बस. तुम्हाला बोलायला आवडत नाही, मला माहीत आहे. बोलावं लागणारच नाही. फक्त वही द्यायची."

राही, वहीत एक अक्षरही खोटं नाही. हेच वाईट आहे. तिच्यात वॉशर नाही, सर नाहीत, आणि मी नाही. माझ्या हातात बसेल अशी नेमकी पळवाट त्यांनी शोधून काढली होती. मी "बघते" म्हणून बाहेर आले आणि पहिला विचार मनात आला तो तुझ्या अर्जाचा. तो अर्ज वहीसोबत टेबलावर ठेवला तर अधिकाऱ्यांना बटणांचं आपोआप कळेल, काका सुटतील आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. तू चार वाक्यांत जे लिहिलंस ते बरोबर आहे.

काल भिमीकडे जाऊन आले. टोकावड्याच्या पुढे तिची वाडी आहे, शेवटचे दोन किलोमीटर चालत. ती अंगणात बसून डाव्या हाताने तांदूळ निवडायचा प्रयत्न करत होती. तिचा नवरा धाऊ खाट टाकून आत निघून गेला. मी फळं नेली होती, ती तिने बाजूला ठेवली. बोटं अजून दुखतात म्हणाली, जी नाहीत तीच जास्त. मग तिने सरळ विचारलं.

"मॅडम, तुमी सकाळी माझ्या मशीनपाशी व्हत्या ना?"

"होते."

"ते दाबलेलं बटन बघितलं?"

"हो."

"मंग हाक का नाय मारली? मी तर तिथंच पान्याच्या नळावर व्हते."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिला खरंच कळत नव्हतं. समोर साप दिसला तर माणूस हाक मारतं, एवढा साधा तिचा प्रश्न होता. मी वही, खूण, रीत यातलं काही तिला सांगू शकले नाही. "चुकलं," म्हटलं. ती म्हणाली, "चा घेता?" आणि उठायला लागली, मग हाताकडे बघून परत बसली.

आता तुझ्याबद्दलचं. हे पत्र त्यासाठी नाही असं मला वाटत होतं, पण ते टाळून बाकीचं लिहिता येत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये तू सरांशी शॉपमध्ये सगळ्यांसमोर भांडलीस. तीन नंबरच्या बटणात वॉशर होता. मग त्याच दिवशी केबिनमध्ये आपण दोघी, सर आणि ऑफिसचे दोघे होतो. सर म्हणाले, राही मॅडम नाटकं करतात, काही नव्हतं तिथे. तू म्हणालीस, "हर्षालीला विचारा. ती माझ्या शेजारी उभी होती." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "मी नीट बघितलं नव्हतं."

बघितलं होतं. वॉशर बारा मिलिमीटरचा होता, पिवळट, पट्टी निळी होती.

मी घाबरून खोटं बोलले असं तुला वाटत असेल. तेवढंच असतं तर कदाचित माफ करण्यासारखं होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात सरांनी मला विचारलं होतं, शॉप सांभाळायला शांत माणूस हवा, तुम्हाला जमेल का. माझा आवाज गेला होता हे खरं. पण तो कुठे गेला होता हे मला माहीत होतं.

प्रत पाठवू नकोस.

हर्षाली

———

सापगाव,
रविवार, ९ मार्च २०२५

राही,

चौकशी झाली. तू या वेळी उत्तर पाठवलं नाहीस. त्याबद्दल तक्रार नाही. काय झालं ते लिही असं तू म्हणाली होतीस, म्हणून उरलेलं लिहिते.

केबिनमध्ये सरकारी अधिकारी, पंकज सर, ऑफिसचे एक जण आणि मी बसलो होतो. वाल्मिककाका दाराजवळ उभे होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही, मीही नाही. अधिकारी साधारण पन्नाशीचे, चष्मा डोक्यावर सरकवून वाचणारे. त्यांनी वही चाळली, २८ तारखेचं पान बोटाने दाबून धरलं.

"एकदम स्वच्छ नोंदी आहेत. मॅडम, अक्षर तुमचं?"

"हो."

"सहा, खूण नाही. आणि मशीनवरची खूण?"

काका म्हणाले, "माजी हाय, सायेब."

"मग झालं की," म्हणून त्यांनी वही मिटली.

या वेळी मी थांबले नाही. "नोंद बरोबर आहे, पण पुरेशी नाही," असं म्हणाले. आवाज इतका बारीक आला की त्यांनी कानाला हात लावला. मग परत म्हणाले. वॉशर सांगितला, पट्टी सांगितली, सरांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. सर म्हणाले, "साहेब, मॅडम त्या दिवसापासून शॉकमध्ये आहेत. घरी पण प्रॉब्लेम आहे." अधिकारी म्हणाले, "त्यांना बोलू द्या, तुमची पाळी येईल." मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे मशीन बंद करण्याचा अधिकार होता?"

"होता."

"तुम्ही बंद केलं?"

"नाही."

"मशीन चालू झालंय, हे तुम्हाला कधी कळलं?"

हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. अकरा मशीन आहेत आणि प्रत्येकाचा ठोका मला डोळे मिटून ओळखता येतो. सहा नंबरचा ठोका खाली येताना किंचित ओढतो. तो आठ वाजून दोन मिनिटांनी सुरू झाला. मी दहा नंबरपाशी होते. मला वाटलं, सरांनीच लावला असणार, माझी नोंद झालेली आहे, आता जबाबदारी त्यांची. दोन तास अठरा मिनिटं तो ठोका मी ऐकला. मधे एकदा त्या दिशेला दहा पावलं चाललेसुद्धा. सर तिथे उभे दिसले, म्हणून अकरा नंबरकडे वळले.

हे सगळं मी सांगितलं. एकूण चार मिनिटं लागली असतील. इतकं सलग मी आईशीही बोललेले नाही. अधिकाऱ्यांनी शेवटचं उत्तर मला दोनदा विचारून लिहून घेतलं.

मग मी तुझं सांगितलं. डिसेंबर २०२३ ची बैठक, तुझा अर्ज, माझं वाक्य. ते म्हणाले, "तो आजचा विषय नाही," आणि पेनाला टोपण लावलं.

बाहेर नळापाशी काका भेटले. मी म्हटलं, काका, माफ करा. ते हात धूत राहिले. म्हणाले, "सायलेंट काढला का, मॅडम?" आणि हसले नाहीत. मग म्हणाले, "घरी जा आता. आय वाट बघत आसल." त्यानंतर त्यांनी माझा फोन उचललेला नाही.

निकाल असा. वॉशर सापडला नाही. मेंटेनन्सच्या माणसाने आपल्याला काही आठवत नाही म्हणून लिहून दिलं. तसं म्हणणं किती सोपं असतं ते मला माहीत आहे. बटणात अडथळा होता हे सिद्ध होत नाही. वाल्मिककाकांना खोटी खूण केल्याबद्दल काढून टाकलं. मला, धोका माहीत असून मशीन बंद न केल्याबद्दल निलंबित केलं. हा शेरा माझ्याच जबानीवरून आहे आणि योग्य आहे. पंकज सर आहेत तिथेच आहेत. मी बोलल्याने काकांची नोकरी वाचली नाही. भिमीच्या बाबतीत मात्र, मशीन सुस्थितीत होतं आणि चूक तिची होती, हे कंपनीचं आधीचं म्हणणं आता कागदावरून गेलं आहे. तेवढं एक झालं.

शुक्रवारी मी सामान आणायला गेले. गेटवरचा माणूस सोबत दिला होता. टेबल आवरून शॉपमधूनच बाहेर जावं लागतं, तुला रस्ता माहीत आहे. चार नंबरवर सरस्वती म्हणून नवीन मुलगी बसली होती, भिमीच्याच मुरबाड भागातली. तिचा डावा हात डायमध्ये होता आणि उजवा बटणावर. डाव्या बटणावर निळी पट्टी.

मी ओरडले. "थांबवा!" काय शब्द येईल हे मला आधी माहीत नव्हतं. आवाज माझा आहे हेही क्षणभर कळलं नाही, तो फार मोठा आणि चिरका होता. सगळे थांबले. अकराच्या अकरा. मला वाटतं दचकून थांबले. मशीन थांबल्यावर शॉपमध्ये किती शांत होतं हे मी यापूर्वी दिवसाउजेडी कधी ऐकलं नव्हतं. सरस्वतीने हात बाहेर काढला आणि छातीशी धरला. मी बटणाकडे बोट दाखवून म्हटलं, "ते काढ. ते असताना चालवू नकोस. कुणीही सांगितलं तरी."

नवीन इन्चार्ज धावत आला. तरुण मुलगा आहे, मोकळ्या गळ्याचा, लोकांना आवडेल. त्याने मला ओळखलं. चांगल्या शब्दांत म्हणाला, "मॅडम, प्लीज. तुम्ही आता निघा." गेटवरच्या माणसाने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि दंडाला धरलं. मागून इन्चार्जचा आवाज आला, "काही नाही, चालू करा."

मी घड्याळात बघितलं होतं. शॉप पन्नास सेकंद बंद होता. मग एक एक ठोका सुरू झाला, त्यात चार नंबरचाही होता. सरस्वतीने सुरू करण्याआधी वॉशर काढला की नाही, ते मला गेटमधून दिसलं नाही.

तुझ्याकडे अर्ज आहे आणि त्याला साक्षीदार नव्हता. खाली देते. हा कागद तू कुणालाही दाखव, कुठेही लाव, किंवा फाडून टाक. मला विचारायची गरज नाही. कुणी बोलावलं तर येईन आणि तोंडी सांगेन.

दिनांक ११ डिसेंबर २०२३ रोजी प्रेस क्रमांक तीनच्या डाव्या बटणात वॉशर बसवलेला होता. तो मी स्वतः, एक हात अंतरावरून, नीट पाहिला. त्याच दिवशी बैठकीत मला विचारलं असता मी खोटं सांगितलं, आणि त्याचा फायदा मला झाला. राही खरं बोलत होती.

हर्षाली भगीरथ वेखंडे
मु. पो. सापगाव, ता. शहापूर, जि. ठाणे